खोलीची किल्ली कोणाकडे?

पवईत बैठकीची खोली तासावर मिळते. काचेची इमारत, थंडगार हवा, दहा खुर्च्या, पांढरा फळा, कोपऱ्यात कॉफीचं मशीन. मोबाईलवर बोट टेकवा, पैसे भरा, वर १८ टक्के जीएसटी भरा. वेळ संपली की काचेवर टकटक. उठा. पुढची पार्टी आलीय.

आपल्यातली काही पोरं म्हणतात, आता आपणही अशीच खोली घ्यावी. शिकलो, नोकऱ्या लागल्या, वर्गणी काढू. किती दिवस विहारातल्या सतरंजीवर मांडी घालायची? दुसरी पोरं यांच्यावर खेकसतात. म्हणे ही भांडवलदारांची थेरं, आपली जागा वस्तीत. मला दोघांचंही पटत नाही. दोघं खोलीकडे बघतात, किल्लीकडे कोणीच बघत नाही.

दोस्तहो, आपल्या चळवळीचा इतिहास हा जागा मिळण्याचा आणि नाकारली जाण्याचा इतिहास आहे. ९ मार्च १९२४ रोजी बाबासाहेबांनी बैठक बोलावली ती परळच्या दामोदर हॉलमध्ये. तिथूनच पुढे बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला परिषद भरवायची तर सवर्णांनी मांडवापुरती जमीन दिली नाही. जमीन दिली फत्तेखान नावाच्या मुसलमान माणसाने. मनुस्मृती जळाली ती त्या मातीवर. २ मार्च १९५८ ला पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं ते दादर-नायगावच्या बंगाली शाळेत. उद्घाटनाला अण्णाभाऊ उभे राहिले. आणि पँथर १९७२ साली जन्मली त्याआधी तिची भांडणं, वाद, बिड्या आणि स्वप्नं वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहातल्या खोल्यांत पेटत होती. यातली एकही जागा भपकेबाज नव्हती. पण तिथे बसून काय बोलायचं ते आपण ठरवत होतो.

आता पवईकडे या. हे सगळं काचेचं नगर उभं आहे कुठल्या जमिनीवर? १९८६ साली सरकार, बीएमआरडीए आणि विकासक यांचा त्रिपक्षीय करार झाला. सुमारे २३० एकर. भाडं एकरी ४० पैसे. होय, पैसे! अट अशी की इथे ४० आणि ८० चौरस मीटरची परवडणारी घरं बांधायची. उभं काय राहिलं ते तुम्ही बसच्या खिडकीतून बघता. २०१२ साली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की आधी ती छोटी घरं बांधा, मग बाकीचं बोला. चाळीस पैशांच्या मुलखात आपल्याला एक खोली दोन तासांसाठी हवी असेल, तर कुठे एक हजेरी जाते, कुठे दोन.

आणि त्याच पवईत ६ जून २०२४ रोजी महापालिकेने जय भीम नगर पाडलं. सहाशेच्या वर झोपड्या. १ जून ते ३० सप्टेंबर, पावसाळ्यात राहती घरं पाडू नयेत, असा सरकारचाच २०२१ सालचा निर्णय आहे. तो कागद फाईलीत राहिला, बुलडोझर रस्त्यावर आला. उच्च न्यायालयाने विशेष तपास पथक नेमायला लावलं. तोवर पोरंबाळं प्लास्टिक ताणून फुटपाथवर. कुठल्या वकिलाला भेटायचं, कुणी अर्ज लिहायचा, पोराची शाळा कशी सांभाळायची, ही त्या माणसांची बैठक कुठे भरणार? एका बाजूला तासावर खोल्या, दुसऱ्या बाजूला फुटपाथ. मधे एक रस्ता. हाच तो गावकुसाचा रस्ता, आता डांबरी झालाय.

म्हणून मी म्हणतो, खोली निवडणं ही किरकोळ बाब नाही. ते राजकारण आहे.

त्या काचेच्या खोलीत जाताना फॉर्म भरावा लागतो. कंपनीचं नाव? मीटिंगचं प्रयोजन? येणाऱ्यांची नावं? मग गेटवर ओळखपत्र, फोटो, मोबाईलवर आलेला नंबर. जात कुठे विचारत नाहीत. आडनाव पुरतं. गंमत बघा, गेटवरचा वॉचमन आपलाच, खुर्च्या पुसणारी बाई आपलीच. ती त्या खोलीत रोज जाते, पण तिला तिथे बसता येत नाही. तिच्या हक्कावर आपण त्या खोलीत ठराव करायचा आणि ती बाहेर फडकं घेऊन उभी! असल्या ठरावाला माझं अनुमोदन नाही.

पण वस्तीचे गोडवेही मी गाणार नाही. आपलं समाजमंदिर कसं आहे? आमदार निधीतून बांधलेलं, दारावर आमदाराच्या नावाची संगमरवरी पाटी, आत कॅरम. किल्ली कार्यकर्त्याच्या खिशात. तो ज्या गटाचा, त्या गटाची बैठक. बाकीच्यांना सांगणार, लग्नाचं बुकिंग आहे. बाया दाराजवळ, पुरुष पंख्याखाली. बाबासाहेबांची तसबीर भिंतीवर आणि बोलणार एकटा अध्यक्ष. ही खोली फुकट असली तरी आपली नाही.

सर्वांत वाईट गोष्ट तिसरीच आहे. हॉल मिळावा म्हणून आपली पोरं अर्जावर खोटं प्रयोजन लिहितात. 'वाढदिवस' लिहितात. 'करिअर मार्गदर्शन' लिहितात. मागे एका हॉलवाल्याने आम्हाला तोंडावर सांगितलं, जयंती असेल तर देतो, मीटिंग नको. म्हणजे बाबासाहेबांच्या नावाने नाचा, पण बाबासाहेबांच्या नावाने विचार करू नका. आणि आपण मान डोलावून वाढदिवस लिहायचा? साला, पोटासाठी आडनाव बदलून राहणारे आपले बापजादे मला समजतात. त्यांच्या मानेवर सुरा होता. दोन तासांच्या खोलीसाठी चळवळीचं नाव लपवणारा मला समजत नाही.

कुणी म्हणेल, नाव लिहिलं तर खोली मिळणार नाही, बैठक बुडेल, मग काय नाव चाटायचं? खरं आहे, बुडेल. एखादी बुडेलच. पण नकार आला तर तो लेखी मागा. ४ ऑगस्ट १९२३ ला बोल्यांचा ठराव मुंबई कौन्सिलात पास झाला की सार्वजनिक पैशाच्या विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. ठराव कागदावर होता, पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ ला, महाडात, माणसं चालत गेली तेव्हा. आज घटनेचं १५ वं कलम आहे, शांततेने जमायचा हक्क देणारं १९ वं आहे, २००५ चा माहिती अधिकार आहे. पालिकेची शाळा संध्याकाळी रिकामी असते. कल्याण केंद्र रिकामं असतं. तो हॉल आपल्या कराचा आहे. अर्ज टाका, खऱ्या नावाने. गेल्या वर्षी तो हॉल कुणाकुणाला दिला, किती भाड्याने दिला, याची यादी मागा. तळं पाण्याचं होतं, हे तळं खुर्च्यांचं आहे.

आणि खोली निवडताना हे बघा. पवईला रेल्वे स्टेशन नाही. कांजूरमार्गला उतरा, नाहीतर विक्रोळीला, नाहीतर अंधेरीहून बसमध्ये लोंबकळा. मानखुर्दची पोरगी रात्री साडेनऊला सुटली तर घरी कधी पोचणार? म्हणून आधी शेवटची बस बघा, मग खोली बघा. बाईला जाता येईल असा संडास आहे का बघा. पाणी आहे का बघा. दुसऱ्या पाळीवरून सुटलेल्या गड्याला येता येईल अशी वेळ धरा, नाहीतर चळवळ फक्त ऑफिसातून सहाला सुटणाऱ्यांची होईल. खुर्च्या गोल मांडता येतात का बघा, स्टेज असेल तर स्टेजवर चपला ठेवा. किल्ली महिन्यामहिन्याने फिरती ठेवा, आणि पहिली पाळी बाईची.

तासाची खोली कधीच घेऊ नका असं मी म्हणत नाही. तिथल्या झाडूवाल्यांची, वॉचमनची, डिलिव्हरीवाल्या पोरांची बैठक असेल तर जरूर घ्या. ती माणसं खुर्चीत बसतील, बाकीचे उभे राहतील. फॉर्मवर प्रयोजन लिहा: कामगारांची बैठक. नाकारलं तर त्यांच्याच दारातल्या फुटपाथवर बसा.

जय भीम नगरच्या माणसांनी भर पावसात फुटपाथवर दिवस काढले. आपल्याला निदान एका अर्जावर खरं नाव लिहिता आलं पाहिजे.

जयभीम.