धान्य गेलं, साखरेचं काय?

हल्ली आमच्या ऑफिसात कुणी डबा उघडला की आधी विशेषण ऐकू येतं, मग पदार्थाचं नाव. ग्लुटेन-फ्री ब्राउनी, ग्रेन-फ्री कॅरट मफिन वगैरे वगैरे. मैदा काढला, बदामाचं पीठ घातलं, की झालं हेल्दी! मला हे काही पटत नाही. (आणि हे मफिन मी जवळजवळ दर रविवारी करतो, त्यामुळे बोलायचा थोडा हक्क आहे.)

मुळात धान्य नसलेली पिठं आपल्याला नवीन नाहीत. राजगिरा, शिंगाडा घरोघरी उपासाला असतातच. साबुदाणासुद्धा धान्य नाही, टॅपिओकाच्या कंदातला स्टार्च आहे. म्हणजे तुपात परतलेली खिचडी शंभर टक्के ग्रेन-फ्री! तिला हेल्थ फूड म्हणाल का? 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण उगाच नाही पडली.

सिलिअ‍ॅक आजार असलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांना ग्लुटेन खरंच चालत नाही, तिथे चेष्टा नको. पण ग्लुटेन तर तांदूळ, ज्वारी, नाचणीतही नसतं. त्यासाठी सगळी धान्यं हद्दपार करायची गरज नाही.

बाकीच्यांनी जरा हिशोब बघावा. एक कप साखर म्हणजे साधारण २०० ग्रॅम. तिचे बारा मफिन केले तर प्रत्येकात चार चमचे. पीठ कुठलंही घाला, हे चार चमचे जागचे हलत नाहीत. साखरेऐवजी गूळ म्हणजे व्हेरिएबलचं नाव बदलल्यासारखं आहे, आत व्हॅल्यू जवळपास तीच. बदामाच्या पिठात कर्बोदकं कमी आणि प्रथिनं जास्त, हे मान्य. पण १०० ग्रॅमला कॅलरी साधारण ५८०, मैद्याला ३६० च्या आसपास.

माझ्या बाबांना डायबेटिस आहे. पथ्याचे एकदम पक्के, पोळ्या मोजून खातात. मागे घरी आलेल्या एकाने असेच मफिन आणले. 'काका, बिनधास्त खा, यात धान्यच नाही!' बाबांनी तीन खाल्ले. दोन तासांनी ग्लुकोमीटरवर २८०. चिकटवलेलं लेबल खरं होतं हो, पण त्यातून बाबांनी काढलेला अर्थ निराळा होता. म्हणून मला या 'फ्री'चा राग येतो.

तर मी करतो ते असं. दीड कप बदामाचं पीठ, अर्धा कप राजगिऱ्याचं, तीन अंडी, पाव कप तेल, वाटीभर किसून हलकेच पिळलेलं गाजर, दालचिनी, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा सोडा, लिंबाचा रस आणि फक्त ६० ग्रॅम गूळ. थंडीतली लाल गाजरं मिळाली तर गुळाचा हात आणखी आखडता. शिंगाड्याचं पीठ मी टाळतो, तो बहुतेक स्टार्चच. ग्लुटेन नाही, त्यामुळे बांधून धरायचं काम अंड्यांचं, त्यात काटकसर नको. बदाम पटकन करपतो म्हणून १७० डिग्री, पंचवीसेक मिनिटं. पूर्ण गार झाल्याशिवाय साच्यातून काढलात तर हातात भुगा येईल.

दहा होतात. प्रत्येकी अंदाजे १९० कॅलरी, म्हणजे हलके अजिबात नाहीत. बाबांना चहाबरोबर एकच मिळतो. 'गोड जरा कमीच आहे रे,' ही तक्रार दर रविवारी येते, आणि दर रविवारी मी ती ऐकून घेतो.