चावऱ्या कुत्र्याचा पंचनामा

२२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोकाट कुत्र्यांविषयी जो आदेश दिला, त्याची चर्चा वर्तमानपत्रांतून पुष्कळ झाली. निर्बीजीकरण करून व लस टोचून कुत्रा जेथून धरला तेथेच सोडावा. मात्र पिसाळलेले, पिसाळल्याचा संशय असलेले आणि आक्रमक वृत्तीचे कुत्रे सोडू नयेत, त्यांस निराळे ठेवावे, असा त्या आदेशाचा आशय होता. येणेप्रमाणे आक्रमक कुत्र्यांचा एक वेगळा वर्ग उभा राहिला; परंतु आक्रमक कोणास म्हणावे, ते कोणी ठरवावे, आणि ठरविल्यावर त्या जनावराचे जन्मभर काय करावे, हे प्रश्न तसेच राहिले. एक पक्ष म्हणतो, सरसकट मारून टाका. दुसरा म्हणतो, कुत्रा मुळी वाईट नसतोच, मायेने सगळे सुधारतात. या दोन्ही पक्षांत मोठ्याने बोलणाऱ्या पुष्कळांच्या दारी ना शेळी आहे ना वाडी. ज्याच्या दारी दोन्ही आहेत, आणि राखणीस कुत्राही आहे, त्या शेतकऱ्याने या बाबतीत स्वतःचे मत बनविणे अगत्याचे आहे.

प्रस्तुत लेखकाचे मत आरंभीच सांगतो. चावऱ्या कुत्र्याचा न्याय त्याच्या जातीवरून होऊ नये, लोकांच्या रागावरून होऊ नये, आणि दयेच्या व्याख्यानावरूनही होऊ नये. त्याने घेतलेल्या चाव्याचा रीतसर पंचनामा करून व्हावा. त्यात बहुतेक कुत्रे सुधारण्याजोगे निघतील. जे निघणार नाहीत त्यांस पशुवैद्याच्या हातून शांतपणे मरण द्यावे.

आमची डोंगरी म्हणजे मुंबईतील डोंगरी नव्हे. भाईंदरच्या पश्चिमेस, उत्तनच्या वाटेवरील डोंगरी. मिरा-भाईंदर महानगरपालिका २००२ साली झाली, आणि कुत्र्यांचा बंदोबस्त हे काम कायद्याने तिच्याकडे आले. तरी वाडीच्या कुंपणाशी कोण भुंकतो आहे हे पाहावयास रात्री आमच्या आम्हांलाच उठावे लागते. पुढे शहराचा कचरा उत्तनच्या धावगी डोंगरावर येऊन पडू लागला. जेथे असा उकिरडा तेथे कुत्र्यांची टोळी, हे सांगावयास पंडित नको. एकटा कुत्रा माणसास भितो. टोळीतला भीत नाही. दिवसा दगड उगारताच पळणारी जनावरे रात्री पाच-सहा मिळून शेळ्यांच्या गोठ्यात शिरतात, आणि भूक असो वा नसो, जे पळेल त्याच्या मागे लागून त्यास फाडतात. बिबट्याने शेळी मारिली तर वनखाते पंचनामा करून भरपाई देते. त्यांच्या यादीत रानकुत्राही आहे. गावकुत्रा मात्र नाही. ज्याची शेळी गावकुत्र्यांनी मारिली त्याने ती उचलून पुरावी आणि गप्प बसावे, अशी आजची व्यवस्था आहे.

तथापि सरसकट मारण्याचा उपाय मुंबई इलाख्यात एकदा करून पाहिला गेला आहे, आणि त्याचा वृत्तान्त आपल्या वाचकांस ठाऊक असावा. कंपनी सरकारच्या अमलात मुंबई बेटावर उन्हाळ्याच्या ठराविक दिवसांत बेवारशी कुत्रे मारण्याची परवानगी पोलिसांस असे, आणि दर कुत्र्यामागे आठ आणे इनाम मिळे. १८३२ साली ही मुदत वाढवून १५ जूनपर्यंत नेली. इनाम डोक्यावर लावले म्हणजे काय होते हे सरकारी दप्तर पाहिलेल्या माणसास निराळे सांगावयास नको. चावरा कुत्रा धरणे कठीण. दारात निजलेला पाळीव कुत्रा धरणे सोपे. आणि आठ आणे दोहोंचे सारखेच. शिपाई घरांच्या ओट्यांवर येऊ लागले. ६ जून रोजी पारशी लोकांचा सणाचा दिवस होता, त्या दिवशी लोक शिपायांवर धावून गेले. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला, हिंदू, जैन वगैरे मंडळीही त्यात मिळाली, कुलाब्याच्या छावणीस जाणारी रसद अडली, आणि शेवटी लष्कर बोलवावे लागले. दोन वर्षांनी, १८३४ साली, सर जमशेटजी जिजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ निघाला, त्याचे एक मूळ या कुत्रे मारण्याच्या प्रकारात आहे. म्हणजे मारण्याचा व सांभाळण्याचा हा वाद आजचा नव्हे. जवळजवळ दोनशे वर्षांचा आहे.

पुढेही मुंबई महानगरपालिकेने विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत कुत्रे मारण्याचा क्रम चालविला. कुत्रे संपले नाहीत. उकिरडा तसाच ठेवून कुत्रे मारणे म्हणजे बांध फुटलेल्या खाचरातून पाणी उपसण्यासारखे आहे. एक गेला की त्याच्या जागी शेजारच्या आळीतला येतो. शिवाय जे मारले गेले त्यांत चावरे किती आणि गरीब किती, याचा हिशेब कोणी ठेविला नाही.

आता दुसरी बाजू. २००१ साली केंद्र सरकारने जे नियम केले, त्यांत चावऱ्या कुत्र्यास रेबीज नसून तो केवळ तापट वृत्तीचा आहे असे आढळल्यास त्यास प्राणिसंस्थेच्या हवाली करावे आणि संस्थेने त्यास बरे करून माणसाळवावे, असे लिहिले होते. २०२३ साली त्या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली. त्यांत मरण देण्याची मोकळीक आहे ती असाध्य रोगाने पिडलेल्या व प्राणघातक जखमी झालेल्या कुत्र्यांपुरती. माणसाळविणे हा शब्द गोड आहे. ते काम कसे होते हे पाहिले म्हणजे त्याची किंमत कळते. प्रथम पशुवैद्याने जनावर तपासावे लागते, कारण कानातील फोड, किडलेला दात, कंबरेचे दुखणे यांमुळेही कुत्रा अंगावर येतो, आणि दुखणे गेले की स्वभाव पालटतो. नंतर तो कशास बुजतो ते शोधावयाचे: अनोळखी माणूस, धावणारे मूल, दुसरा कुत्रा, की आपल्या थाळीजवळ आलेला हात. ती वस्तू तो गुरगुरणार नाही इतक्या अंतरावर ठेवून, दर वेळी खाऊ घालीत, अंतर दिवसेंदिवस कमी करीत न्यावयाचे. एका कुत्र्यास एक माणूस आणि कित्येक महिने लागतात, आणि तोंडास मुसके बांधल्याशिवाय हे काम करू नये. काठीने हे होत नाही. मारून दमविलेला कुत्रा गुरगुरणे सोडतो, चावणे सोडीत नाही. मग तो सूचना न देताच चावतो, आणि मालक म्हणतो, आजवर कधी आवाजसुद्धा केला नव्हता!

आपल्या वाडीवरील कुत्र्यास हे सर्व करणे शक्य आहे, आणि करावेच, कारण त्यास चावरा आपणच केलेले असते. सकाळपासून सायंकाळपर्यंत हातभर साखळीला बांधावयाचे, येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांनी खडे मारावयाचे, मेलेल्या कोंबड्या पुढे टाकावयाच्या, आणि रात्री सोडून म्हणावयाचे की चोरास धर, पाहुण्यास धरू नकोस. इतका विवेक त्याने आणावा कोठून? धनगरांचे कुत्रे पाहा. ते मेंढरांत वाढते, रानोमाळ हिंडते, परक्याची चाहूल लागताच कळपाभोवती उभे राहते, पण वाटसरूने वाट सोडून कळपात पाऊल घातल्याशिवाय सहसा अंगावर जात नाही. पिल्लू दोन-तीन महिन्यांचे असता त्यास माणसे, मुले, गुरे, गाड्या सर्व दाखवावे. साखळीऐवजी कुंपण द्यावे. खाणे वेळेवर द्यावे. एवढ्याने पुढील पुष्कळ अनर्थ टळतो. व्यालेली कुत्री पिलांजवळ जाणाऱ्यास चावली तर तो स्वभाव नव्हे, तो हंगाम आहे. पिले मोठी झाली की तो जातो.

परंतु सर्वच कुत्रे या सदरात बसत नाहीत, आणि येथे पंचनाम्याचे काम आहे. इयान डनबार नावाचे पशुवैद्य आहेत, त्यांनी चाव्याच्या सहा पायऱ्या लाविल्या आहेत. पहिलीत कुत्रा अंगावर येतो पण दात लागत नाही. दुसरीत दात लागतो पण कातडी फुटत नाही. तिसरीत एका चाव्याच्या एक ते चार जखमा होतात, पण त्या सुळ्याच्या निम्म्याहून खोल नसतात. चौथीत सुळा निम्म्याहून अधिक रुततो, किंवा कुत्रा धरून झटके देतो, पाचवीत असे अनेक चावे, सहावीत मृत्यू. पहिल्या दोहोंत सुधारणेची आशा चांगली, तिसरीत मालक कष्टाळू असेल तर बरी, चौथीपासून फार थोडी. महसूल खात्यात आयुष्य गेलेल्या माणसास ही पद्धत चटकन समजते, कारण पिकाची आणेवारी आपण अशीच लावतो. आणेवारी म्हणा की हल्लीची पैसेवारी म्हणा, शेतात उभे राहून, कापून, मोजून ती काढावयाची असते. ओटीवर बसून कोण किती रडतो त्यावरून नव्हे. कुत्र्याच्या बाबतीत मात्र आपण नेमके हेच करतो.

तेव्हा चावा झाला म्हणजे चार गोष्टी कागदावर याव्यात: जखम किती खोल, चावे किती, कुत्र्यास कोणी डिवचले होते काय, आणि यापूर्वी तो चावला होता काय. जखम उथळ आणि कारण उघड असेल तर त्यास मारणे अन्याय आहे. जखम खोल, कारण काही नाही, आणि दुसरी खेप असेल, तर त्यास सुधारण्यासाठी सोडून पाहणे हा प्रयोग शेजाऱ्याच्या मुलावर होत असतो. मुलांची उंची कुत्र्याच्या तोंडाशी येते. त्यांस चावे पायास नव्हे, तोंडावर व मानेवर बसतात.

यावर दयाळू मंडळी म्हणतात, मारू नका, पिंजऱ्यात ठेवा. जे जनावर माणसाजवळ नेता येत नाही आणि दुसऱ्या कुत्र्याजवळही ठेवता येत नाही, त्यास दहा-बारा वर्षे चार हातांच्या कोठडीत एकटे ठेवणे ही दया कशी, हे प्रस्तुत लेखकास उमगत नाही. शिवाय त्याच खर्चात कित्येक पिलांस लस टोचली जाईल. २०१९ च्या पशुगणनेत एकट्या महाराष्ट्रात मोकाट कुत्रे पावणेतेरा लाखांच्या घरात निघाले. जागा व पैसा मोजकाच आहे. तो सुधारणाऱ्यांवर खर्चावा. म्हणून नियमांत दुरुस्ती व्हावी, आणि पशुवैद्य, स्थानिक संस्थेचा अधिकारी व गावचा एक जबाबदार मनुष्य यांनी पंचनामा पाहून एकमताने ठरविल्यास अशा कुत्र्यास सुईने मरण देण्याची मोकळीक असावी. इंग्लंडात १९९१ च्या कायद्याने कुत्र्यांच्या काही जाती नावानिशी धोकादायक ठरविल्या होत्या. १९९७ साली तो कायदा सैल करून, मुसके बांधण्यासारख्या अटी मालक पाळील तर कुत्रा वाचेल, न पाळील तर मारला जाईल, असा हुकूम देण्याची मुभा न्यायालयांस मिळाली. हा मार्ग शहाणपणाचा दिसतो. आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये तेवीस जातींवर बंदीचे परिपत्रक निघाले. कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात ते रद्द केले. जातीवरून न्याय करावयाचा तर साधा गावठी कुत्रा, जो आपल्याकडे सर्वांत अधिक चावतो, तो त्या यादीतही नव्हता.

जोपर्यंत नियम बदलत नाहीत तोपर्यंत कोणी कायदा हाती घेऊ नये, आणि विषाचा तर विचारही करू नये. विषाचा तुकडा चावऱ्या कुत्र्याचे नाव विचारीत नाही. त्याने शेजाऱ्याचा कुत्रा मरतो, मांजर मरते, कावळे मरतात. भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमाप्रमाणे जनावर मारणे वा पंगू करणे यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. त्याच संहितेचे २९१ वे कलम मालकांनी वाचून ठेवावे: आपल्या जनावरापासून माणसास धोका होऊ नये इतकी काळजी न घेतल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

दुसरी एक खोड आपल्यात आहे. मारका बैल असला की त्याचा दोष लपवून लांबच्या बाजारी विकावयाचा. तसेच चावऱ्या कुत्र्यास पोत्यात घालून रात्री दुसऱ्या गावच्या शिवेवर सोडून यावयाचे. नव्या जागी बुजलेले, उपाशी आणि तेथील कुत्र्यांनी फाडलेले ते जनावर अधिकच चावरे होते. गावाने हे चोरीइतके निंद्य मानिले पाहिजे. ज्याचा कुत्रा, त्याने तो सुधारावा, नाहीतर पशुवैद्याचा सल्ला घेऊन शेवटपर्यंत त्याची जबाबदारी वाहावी.

कुत्रा चावताच त्यास ठेचून मारण्याची जी घाई होते, तीही थांबवावी. चावलेला कुत्रा दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवता आला तर त्यास रेबीज होता की नाही हे बहुधा कळून येते. मारून पुरला तर ती खूण हरवते. अर्थात माणसाने दहा दिवस थांबावयाचे नाही. जखम तत्काळ वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, चुना, हळद, तिखट काही लावू नये, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करावी. खोल जखमेत लसीखेरीज जखमेभोवती निराळे इंजेक्शनही लागते, ते मागून घ्यावे. गाय किंवा म्हैस चावली गेली असेल तर तिची जखमही तशीच धुऊन पशुवैद्यास बोलवावे, तिलाही लस असते. अशा गाईचे धारोष्ण दूध कोणी पिऊ नये. ती लाळ गाळू लागली, घसा बसल्यासारखी हंबरू लागली, तर तोंडात काही अडकले असेल म्हणून हात घालू नये; पुष्कळ शेतकऱ्यांस संसर्गाची भीती अशीच उत्पन्न होते.

आपल्या संस्थेने एवढे करावे. प्रत्येक सभासदाच्या वाडीवर कुत्रे किती, लस केव्हा टोचली, निर्बीजीकरण झाले की नाही, आणि चावा झाला असल्यास वरील चार गोष्टी, इतक्या रकान्यांची एक वही चिटणिसांकडे ठेवावी. चाव्याच्या रकान्यात मालकाचे नाव लिहिताना नात्यागोत्याची अडचण येईल, तरी लिहावेच. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असतो, त्या सुमारास लस टोचण्याची शिबिरे भरतात. पशुवैद्यकीय दवाखान्यास आगाऊ पत्र घालून आपल्या गावी एक मागून घ्यावे, आणि वही त्यापूर्वी पुरी झालेली असावी.

— एक निवृत्त महसूल कारकून, मु. डोंगरी