‘घरच्यासारखी’ म्हणजे नेमकी कशी?



घरात राहून काम करणाऱ्या बाईला कामावर ठेवताना एक वाक्य हमखास म्हटलं जातं: “आम्ही तिला अगदी घरच्यासारखं वागवतो.” पुण्याच्या फ्लॅटमध्ये हे वाक्य म्हटलं जातं, मुंबईत म्हटलं जातं, आखाती देशात म्हटलं जातं आणि जर्मनीतही म्हटलं जातं. म्हणणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा वाईट नसतो. म्हणूनच या वाक्याकडे नीट पाहायला हवं. आमच्या जवळा बाजारात हे वाक्य आता दुसऱ्या पिढीच्या कानावर पडतं आहे. आयांनी ते पुण्यात ऐकलं. लेकींच्या तोंडी आता जर्मनीचं नाव आहे.

जवळा बाजार हे हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यातलं बाजाराचं गाव. हळद, सोयाबीन, कापूस या मालावर इथला व्यवहार चालतो. निंदणी, वेचणी, हळदीची काढणी ही कामं मुख्यतः बायकांच्या अंगावर. पण ती वर्षभर नसतात. काम संपलं की कोणी ऊसतोडीला जातं, कोणी बांधकामावर जातं. ज्या बाईला नवऱ्याने टाकलं आहे, जी विधवा आहे, जिला माहेरी भावाच्या दारात किती दिवस राहायचं हा प्रश्न आहे, ती ‘चोवीस तासांचं काम’ धरते. कुणाचं लेकरू सांभाळायचं, कुणाची बाळंतीण, कुणाची अंथरुणाला खिळलेली सासू. या कामात पगाराबरोबर छप्पर मिळतं. शहरात खोलीचं भाडं भरायची ताकद नसलेल्या बाईला ते छप्परच मोठं वाटतं. आणि नेमकं तेच छप्पर तिला बांधून ठेवतं. काम सोडलं की त्याच रात्री राहायचं कुठे, हा प्रश्न उभा राहतो. कारखान्यातल्या कामगाराची नोकरी गेली तर पगार जातो. हिची नोकरी गेली तर पगार जातो, जेवण जातं आणि घरही जातं.

असं काम करून परत आलेल्या बायकांशी बोलताना एक गोष्ट मला सारखी जाणवते. “किती तास काम होतं?” या प्रश्नाचं उत्तर त्यांना देता येत नाही. धुणं, भांडी, स्वयंपाक यांचे तास सांगता येतात. पण रात्री दोनला उठून बाळाला दूध पाजणं, तीनला म्हातारीला बाथरूमला नेणं, दुपारी पडल्या पडल्या दाराच्या बेलकडे कान ठेवणं, याचे तास कसे मोजायचे? एक बाई म्हणाली, “झोपले तरी मी जागीच राहायचे.” दुसरी म्हणाली, “मला कुठं कोंडलं नव्हतं, पण बाहेर जायचं तर काय म्हणून जाऊ? काम नसलं की सुट्टी, असं थोडंच असतंय?” झोपायची जागा हॉलमध्ये, स्वयंपाकघरात किंवा बाळाच्या पाळण्याखाली. सगळे झोपल्याशिवाय गादी टाकता येत नाही आणि सगळे उठायच्या आत ती उचलावी लागते. तिला हाक मात्र ‘मावशी’ अशी असते. नातं मावशीचं, पण आजारपणात घरी पाठवायची वेळ आली की ‘बाई सोडून गेली’!

आता लेकींकडे येऊ. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याबाबत करार केला. सुरुवातीला दहा हजार जणांना पाठवायचं उद्दिष्ट जाहीर झालं. तो करार परिचारिका, तंत्रज्ञ अशा प्रशिक्षित लोकांसाठी आहे. पण जर्मनीचं नाव त्यामुळे गावोगावी पोचलं. बारावी झालेल्या, नर्सिंगला नंबर न लागलेल्या मुलींच्या मोबाइलवर आता दुसरा एक रस्ता दिसतो आहे, ‘ओ पेअर’चा. एखाद्या जर्मन कुटुंबात वर्षभर राहायचं, मुलं सांभाळायची, थोडं घरकाम करायचं आणि भाषा शिकायची. शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ आहे ‘बरोबरीच्या नात्याने’. म्हणजे नोकर म्हणून नाही, घरातलीच एक म्हणून. आपल्या ‘घरच्यासारखी’ची ही युरोपातली बहीण!

पण या बहिणीला तिकडे कागदाचा आधार आहे. जर्मनीतल्या नियमांप्रमाणे ओ पेअर मुलीकडून दिवसाला सहा आणि आठवड्याला तीस तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. तिला स्वतंत्र खोली द्यावी लागते. आठवड्याची ठरलेली सुट्टी, चार संध्याकाळी मोकळ्या, वर्षाला चार आठवड्यांची रजा, भाषावर्गासाठी वेळ आणि पैसे, यजमान कुटुंबाने काढलेला आरोग्यविमा हे सारं लेखी करारात असतं. व्हिसासाठी अर्ज करताना मुलगी सत्तावीस वर्षांच्या आतली हवी आणि तिला प्राथमिक जर्मन यायला हवं. कुटुंब तिला महिन्याला २८० युरो हातखर्च देतं. जाण्यायेण्याचा खर्च मात्र सहसा मुलीनेच करायचा असतो.

हे वाचून आमच्या चोवीस तासांच्या बायकांना हसू येईल. स्वतंत्र खोली! मोकळी संध्याकाळ! तरीही जर्मनी म्हणजे स्वर्ग असं समजायचं कारण नाही. त्या २८० युरोंना पगार म्हणत नाहीत, ‘हातखर्च’ म्हणतात. आठवड्याला तीस तास म्हणजे महिन्याला सुमारे १३० तास. भागाकार केला तर तासाला दोन युरोंपेक्षा थोडं जास्त. २०२५ साली जर्मनीतलं किमान वेतन तासाला १२ युरो ८२ सेंट होतं. खोली, जेवण, विमा यांची किंमत धरूनही ही दरी मोठीच आहे. ती चालते, कारण १९६९ साली स्ट्रासबुर्गला झालेल्या युरोपीय करारापासून ओ पेअरला एका वेगळ्याच वर्गात घातलं आहे: पूर्ण विद्यार्थी नाही, पूर्ण कामगारही नाही. नाव बदललं की मोल बदलतं, हे आपल्याला नवं नाही. आईने केलं तर माया, सुनेने केलं तर कर्तव्य, मोलकरणीने केलं तर हलकं काम आणि परदेशातल्या मुलीने केलं तर ‘सांस्कृतिक देवाणघेवाण’! पोळी तीच, पाळणा तोच.

जर्मनीतच एक निकाल असा लागला, जो आपण लक्षात ठेवावा. बल्गेरियातून आलेली एक बाई बर्लिनमध्ये नव्वदी ओलांडलेल्या एका आजींच्या घरी राहून त्यांची काळजी घेत होती. करारात आठवड्याला तीस तास लिहिले होते. तिचं म्हणणं होतं की प्रत्यक्षात ती दिवसरात्र बांधलेली होती. खोलीचं दार रात्री उघडं ठेवायचं आणि हाक आली की उठायचं. ती कोर्टात गेली. २४ जून २०२१ रोजी जर्मनीच्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने सांगितलं की हाकेच्या अंतरावर तयार राहण्याचा वेळ हाही कामाचा वेळ आहे आणि त्यालाही किमान वेतन लागू आहे. “झोपले तरी मी जागीच राहायचे” हे आमच्या बाईचं वाक्य एका परक्या देशातल्या कोर्टाने कायद्याच्या भाषेत मान्य केलं!

आपल्याकडे काय आहे? महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. देशात असं पाऊल उचलणाऱ्या मोजक्या राज्यांपैकी आपण एक. चळवळीच्या रेट्याशिवाय ते झालं नसतं. पण तो कायदा कल्याणाचा आहे, हक्काचा नाही. कोविडच्या टाळेबंदीत २०२१ साली नोंदणी झालेल्या घरकामगारांना दीड हजार रुपयांची मदत जाहीर झाली. ती हवीच होती. पण कामाचे तास किती, रात्रीची झोप किती, आठवड्याची सुट्टी कधी, याबद्दल तो कायदा बोलत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने घर हेही कामाचं ठिकाण मानलं आणि घरकामगार बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करायची वाट दिली. ही मोठी गोष्ट आहे. मात्र ज्या बाईचा फोन मालकिणीच्या कपाटात आहे, ती तक्रार कुठून करणार? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १६ जून २०११ रोजी घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार मंजूर केला. आठवड्याला सलग चोवीस तास विश्रांती, विश्रांतीच्या वेळी घराबाहेर जायची मोकळीक, स्वतःची कागदपत्रं स्वतःकडे ठेवायचा हक्क, हे त्यात आहे. जर्मनीने तो २०१३ साली स्वीकारला. भारताने त्याच्या बाजूने मत दिलं, पण पुढे मान्यता दिली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायदा करण्याचा विचार समिती नेमून करावा असं केंद्र सरकारला सांगितलं. समित्यांवर किती विसंबायचं हे आपण अनुभवाने जाणतो.

कायदा मागायला संघटना लागते. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणी संपावर गेल्या आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. चार घरची कामं करणाऱ्या त्या बायका रोज रस्त्यावर, नळावर, वस्तीत एकमेकींना भेटत होत्या. एकीचं दुःख दुसरीला कळत होतं. चोवीस तासांची बाई कोणाला भेटणार? तिला वस्ती नाही, शेजारीण नाही. लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरची बाई दिसली तरी सोबत मालकीण असते. तिचा एकटेपणा हा मालकाचा सर्वांत मोठा फायदा आहे. हे आजचंही नाही. इंग्रजांच्या काळात साहेबांची मुलं सांभाळत हिंदी आया बोटीने विलायतेला जात. तिथे पोचल्यावर काम संपलं की काहींना परतीच्या भाड्याशिवाय सोडून दिलं जाई. अशा आयांसाठी लंडनमध्ये ‘आयांचं घर’ चालवावं लागलं. हॅकनीमधल्या त्या इमारतीवर २०२२ साली स्मृतिफलक लागला. त्या आयाही ‘घरच्यासारख्या’च होत्या.

काही मैत्रिणी म्हणतील, “इतके नियम आणले तर माया राहील का? आणि मग कोण ठेवील कामाला?” माया खरी असते, हे मी नाकारत नाही. गावी परतलेल्या बाईच्या डोळ्यांत त्या परक्या लेकराच्या आठवणीने पाणी येताना मी पाहिलं आहे. पण माया तिने द्यायची आणि हिशेब मात्र दुसऱ्याने ठेवायचा, हे कसं? सुट्टी दिल्याने माया आटत असेल, तर ती माया नव्हती, सोय होती. राहिला प्रश्न कामाला कोण ठेवील याचा. बालवाड्या नाहीत, पाळणाघरं महाग, म्हाताऱ्यांसाठी सरकारी सोय नाही आणि पुरुष घरकामाला हात लावत नाहीत. अशा समाजात ही गरज संपणार नाही. नोकरी करणारी, सभांना जाणारी, चळवळीत वेळ देणारी शहरातली बाई घराबाहेर पडू शकते, त्यात मराठवाड्यातल्या कुणा बाईच्या रात्री जमा आहेत. तिचं स्वतःचं लेकरू जवळा बाजारात आजीजवळ असतं, हेही त्याच हिशेबात लिहायला हवं. म्हणून हा प्रश्न ‘त्यांचा’ नाही. आपल्या भगिनीभावाची परीक्षा मोर्चात जितकी होते, तितकीच आपल्या स्वयंपाकघरातही होते.

मग मागायचं काय? मला वाटतं, सुरुवात साध्या गोष्टींपासून करावी. बाई कामाला जाण्याआधी एका कागदावर काम, तास, पगार आणि सुट्टी लिहून दोघींच्या सह्या व्हाव्यात. रात्री सलग आठ तास झोप मिळावी. रात्री उठावं लागत असेल तर त्याचे वेगळे पैसे आणि दिवसा तेवढी विश्रांती मिळावी. झोपायला आतून कडी लागणारी जागा, आधार कार्ड आणि फोन तिच्या हातात, पगार तिच्याच खात्यात. काम सुटलं तर परतीचं भाडं आणि पंधरा दिवसांची मुदत. बाई पुरवणाऱ्या ब्यूरोंची सक्तीने नोंदणी व्हावी आणि बाईच्या पगारातून दलाली कापायला बंदी यावी. गावातून बाई कामाला गेली की ती कुठल्या पत्त्यावर आहे, याची नोंद बचत गटाकडे असावी. गटातल्या एकीने दर आठवड्याला तिला फोन करावा. शेवटच्या गोष्टीसाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहायला नको.

जर्मनीला निघालेल्या मुलींनाही आपण हेच सांगायला हवं. जा, जरूर जा, जग पाहा. पण करार वाचल्याशिवाय सही करू नका. पासपोर्ट कुणाच्या हाती देऊ नका. एजंटाच्या हातात वावर गहाण टाकून पैसे ठेवू नका. तीस म्हणजे तीस तास, हे वहीत रोजच्या रोज मांडा. आणि गावी आलात की त्या वहीतला हिशेब आयांना वाचून दाखवा. जिने कधी तास मोजले नाहीत, तिला ते मोजता येतात हे कळणं, हीसुद्धा चळवळच आहे.

‘घरच्यासारखी’ या शब्दात एक फसवणूक दडलेली आहे. घरच्या बाईला तरी घरात कुठे तास असतात, सुट्टी असते, पगार असतो? तिच्यासारखं वागवणं म्हणजे तिच्यासारखंच फुकट राबवणं! म्हणून आम्हांला घरच्यासारखं नको. कामगारासारखं वागवा. आणि त्या निमित्ताने घरच्या बाईच्या कामाचाही हिशेब एकदा मांडा.