मद्यपी चालकालाही वकील हवा

कल्याण-बदलापूर रस्त्यावरच्या नाकाबंदीत सापडलेल्या मद्यपी चालकाचा कुणाला कळवळा येत नाही, आणि यावा असेही नाही. २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर अॅलिस्टर परेराच्या गाडीखाली पदपथावर झोपलेले सात मजूर मेले. त्याची तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम केली, ते योग्यच झाले. तरीही ‘ड्रंक अँड ड्राइव्ह’मध्ये पकडलेल्या प्रत्येकाला पहिल्या काही तासांतच वकिलाचा सल्ला मिळाला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापुरात तर त्याची गरज अधिक आहे, कारण इथे पकडला जाणारा माणूस रिक्षाचालक किंवा एमआयडीसीतला कामगारही असू शकतो. दंड भरून मोकळे व्हावे म्हणून त्याने पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल केला, तर ती नुसती पावती राहत नाही, दोषसिद्धी ठरते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही आहे. दुसऱ्यांदा सापडल्यास कैद दोन वर्षांपर्यंत जाते. शिवाय लायसन्स निलंबित झाले की रिक्षावाल्याच्या घरातली चूल थांबते.

वकील म्हणजे पळवाट, हा यावरचा नेहमीचा आक्षेप. पण या गुन्ह्याचा सारा भार एका मोजमापावर आहे: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल. रक्तातले प्रमाण तासागणिक उतरत जाते. म्हणूनच कलम २०२ प्रमाणे अटकेनंतर दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते, नाहीतर आरोपीला कोठडीतून सोडावे लागते. तोंडाला वास येणे किंवा चाल अडखळणे एवढ्याने दारू प्यायल्याचे सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच बचुभाई करियानी खटल्यात १९७१ मध्ये सांगितले. तपासणी वेळेत झाली का, नमुना कुणी घेतला आणि तो कुठे ठेवला, हे प्रश्न विचारणारा वकील समोर असला की पोलीस आणि डॉक्टर काम चोख करतात. मग खरा दोषी सुटणे अवघड होते. पुण्यात मे २०२४ च्या पोर्शे अपघातानंतर रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक झाली. नमुन्यावर नजर ठेवणे पीडितांच्याही हिताचे असते, हे त्या प्रकरणाने दाखवून दिले.

सरकारी पैशाने दारुड्याचा बचाव का करायचा, असेही विचारले जाईल. उत्तर कायद्यातच आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीतील व्यक्ती, औद्योगिक कामगार, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि अल्प उत्पन्न असलेले लोक मोफत वकिलाला पात्र आहेत. आरोपीने मागितले नाही तरी हा हक्क त्याला सांगणे न्यायालयाचे कर्तव्य आहे, असे सुक दास खटल्यात १९८६ मध्ये ठरले. तेव्हा ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने या तिन्ही शहरांतल्या पोलीस ठाण्यांत वकिलांची यादी आणि १५१०० हा मोफत विधी साहाय्याचा हेल्पलाइन क्रमांक मराठी, हिंदी व सिंधीत ठळक लावावा, आणि कबुली नोंदवण्यापूर्वी न्यायालयाने वकिलाबद्दल आवर्जून विचारावे. पुराव्याची अशी पारख होऊन दिलेली शिक्षाच अपिलात टिकते, आणि रस्त्यावर चालणाऱ्यांना खरे संरक्षण तिच्यातूनच मिळते.