दोन फुग्यांमधली दुपार

परवा एका लग्नात मांडवावर ड्रोन घोंघावत होता. आमच्या शेजारच्या अज्जींनी त्याच्याकडे न पाहता पश्चिमेकडे पाहिले आणि म्हणाल्या, "मळी बरतैती, सर." सगळे हसले. तासाभरात वळवाने मांडव झोडपला.

मला मात्र हसू आले नाही. गेल्या उन्हाळ्यात माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील दुपारी शेतात वीज पडून गेले. नंतर त्याने विचारले होते, "सर, सकाळच्या बातमीत 'तुरळक ठिकाणी पाऊस' एवढेच होते. आमचे शेत त्यात आहे, हे कसे कळणार?" तेव्हा मी गप्प राहिलो.

उत्तराचा एक भाग असा. वरची हवा मोजायला हवामान खाते ठरावीक केंद्रांवरून फुगा सोडते, पहाटे आणि सायंकाळी साडेपाचच्या सुमारास. त्याला बांधलेली छोटी पेटी तापमान, आर्द्रता, वारा कळवत वीस-तीस किलोमीटर वर जाते. पण आपला वळीव शिजतो तो बहुधा या दोन फुग्यांमधल्या दुपारी! सकाळी वरच्या उबदार थराचे झाकण असते. जमीन तापते, ओलसर हवा जोर धरते, झाकण फुटते आणि ढग उसळतात. ही घडामोड सुरू होते ती खालच्या एक-दोन किलोमीटरांत.

तिथेच ड्रोन उपयोगी पडतो. तोच ड्रोन दिवसातून अनेकदा वर जाऊन मोजमाप घेऊन परत येतो. स्वित्झर्लंडमध्ये बनलेले असे ड्रोन सहा किलोमीटरपर्यंत चढतात. 2024 मध्ये जागतिक हवामान संघटनेने अनेक देशांत मिळून त्यांची चाचणीही घेतली.

अडचणी आहेतच. बॅटरी थोडा वेळ टिकते, सोसाट्याच्या वाऱ्यात उडवणे अवघड. आपल्याकडे 2021 च्या नियमांनुसार मोकळ्या क्षेत्रातही 120 मीटरच्या वर परवानगी लागते. विमानतळाजवळ तर निर्बंध आणखी कडक. अगदी उंचावरच्या हवेसाठी फुगा हवाच. आणि ड्रोन वीज थांबवणार नाही. 'तुरळक ठिकाणी'ऐवजी 'आज दुपारी, या भागात' असे सांगायला मदत करील, एवढेच. पण त्या मुलाच्या घरी तेवढेही पुरले असते.

तोवर पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप घरातल्या एकाच्या तरी मोबाइलवर असू द्या. गडगडाट ऐकू आला की झाडाखाली नव्हे, पक्क्या घरात जा. आणि अज्जींनी पश्चिमेकडे पाहिले, तर हसू नका.