दावणीचा खर्च कोणाच्या माथी?

भांडुप स्थानकाबाहेर सकाळच्या गर्दीच्या वेळी एक बाई गाय घेऊन बसते. शेजारी गवताच्या पेंढ्या रचलेल्या असतात. कामावर निघालेला माणूस बाईच्या हातावर पैसे ठेवतो, पेंढी उचलून गाईच्या तोंडाशी धरतो, तिच्या पाठीला लावलेला हात कपाळाला लावतो आणि गाडी पकडायला धावतो. गाय बाईची नसते, मालक दुसराच असतो. या व्यवहारात गाईला चारा, बाईला रोजी, मालकाला फुकट पोसलेली गाय आणि भाविकाला पुण्य मिळते. चौघांचीही सोय लागते. या गाईचे गोऱ्हे कोठे गेले, एवढा एकच प्रश्न त्या गर्दीत कोणी विचारीत नाही.

काही दिवसांपूर्वी आमच्या येथील एका छोट्या बैठकीत एका तरुणाने मला विचारले, “सर, उद्या सर्वांनी मांसाहार सोडला तर या जनावरांचे काय होईल?” उत्तर देण्यास मी तोंड उघडण्यापूर्वीच दोन पक्ष पडले. एक म्हणाला, जनावरे सुखाने जगतील. दुसरा म्हणाला, जनावरे इतकी माजतील की माणसाला राहायला जागा उरणार नाही, म्हणून खाणे हेच त्यांच्यावर उपकार आहेत. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, आणि दोन्हींच्या मुळाशी एकच अज्ञान आहे. पाळीव जनावर हे जंगलातले पाखरू नव्हे. ते आपोआप जन्मत नाही आणि आपोआप जगतही नाही. कोणीतरी हिशेब करून ते जन्माला घालतो आणि हिशेब करूनच त्याला वैरण टाकतो. हिशेब बदलला की जनावराचे भवितव्य बदलते. हा हिशेब कोण करतो आणि तो फसला तर भरपाई कोण करतो, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. आणि आपल्या राज्यात तो काल्पनिकही राहिलेला नाही, कारण त्याचा एक मोठा प्रयोग महाराष्ट्र सरकारने शेतकऱ्याच्या दावणीवर करून पाहिला आहे.

१९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्याने गाईच्या कत्तलीस बंदी होती; काम न देणारा बैल मात्र दाखला घेऊन कापता येत असे. विनोबांच्या प्रेरणेने जानेवारी १९८२ मध्ये देवनारच्या कत्तलखान्यासमोर सत्याग्रह सुरू झाला तो याच सवलतीविरुद्ध. मी तेव्हा विद्यार्थी होतो आणि कुतूहलापोटी एकदा त्या फाटकाशी जाऊन आलो होतो. सत्याग्रहींच्या सचोटीविषयी मला तेव्हा शंका नव्हती, आजही नाही. १९९५ साली युती सरकारने बैल आणि वळू यांच्याही कत्तलीस बंदी करणारी दुरुस्ती विधिमंडळात संमत केली. ती वीस वर्षे दिल्लीत पडून राहिली आणि मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळून अमलात आली. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैदेची. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने परराज्यातून आणलेले मांस जवळ बाळगण्यावरील बंदी रद्द केली, परंतु कत्तलबंदी कायम ठेवली. म्हैस या कायद्यातून सुटली. ती का सुटली याचे शास्त्राधारित उत्तर गोभक्तांनी अद्याप दिलेले नाही. मुंबईच्या चहात म्हशीचे दूध पडते आणि परकीय चलनात म्हशीचे मांस पडते, हे त्याचे अर्थशास्त्रीय उत्तर मी देऊ शकतो.

आता या प्रयोगाचा निकाल पाहा. २०१२ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात गोवंशाची संख्या सुमारे १ कोटी ५५ लाख होती. २०१९ च्या गणनेत ती १ कोटी ४० लाखांच्या आत आली. घट दहा टक्क्यांची. देशभर गाईंची संख्या अठरा टक्क्यांनी वाढली, परंतु नरांची संख्या ६ कोटी ७९ लाखांवरून ४ कोटी ७४ लाखांवर घसरली. सात वर्षांत दोन कोटींहून अधिक बैल, वळू आणि गोऱ्हे या देशाच्या दावणीवरून उतरले. त्याच काळात रोज कापल्या जाणाऱ्या शेळ्यांची संख्या दहा टक्क्यांनी आणि मेंढ्यांची चौदा टक्क्यांनी वाढली. याचे सर्व श्रेय कायद्याला देणे अप्रामाणिकपणाचे होईल. ट्रॅक्टर आला, कृत्रिम रेतन आले, कोरडवाहू शेतकऱ्याची जमीन तुकड्या-तुकड्यांत वाटली गेली. बैल त्यामुळेही गेला. तथापि, ज्याला वाचवण्यासाठी कायदा केला तो प्राणी वाचला नाही, एवढे तरी कबूल करावे लागेल.

याचे कारण समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. शेतकऱ्याचा बैल हे त्याचे भांडवल आहे. दहा-बारा वर्षे नांगर ओढून बैल थकला की हेडी येऊन त्याला घेऊन जाई, आणि त्या पैशात थोडी भर घालून शेतकरी नवा खोंड आणी. थकलेल्या बैलाची ती किंमत म्हणजे नव्या बैलाच्या खरेदीचा पहिला हप्ता. कायद्याने हा हप्ता पुसून टाकला. त्याच्या जागी काय आले? २०१९ च्या दुष्काळात चारा छावण्यांसाठी सरकारने मोठ्या जनावरामागे दररोज शंभर रुपये धरले होते. म्हणजे वर्षाला साडेछत्तीस हजार. काम संपल्यावर बैल पाच वर्षे जगला तर १ लाख ८२ हजार ५०० रुपये. हे पैसे कोरडवाहू शेतकऱ्याने कोठून आणायचे? हेच समाजाच्या पातळीवर मांडायचे तर असे दहा लाख बैल धरा. वर्षाचा खर्च ३ हजार ६५० कोटी होतो. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने देशी गाईला ‘राज्यमाता’ घोषित केले आणि गोशाळांतील देशी गाईमागे दररोज पन्नास रुपये अनुदान जाहीर केले. स्वतःच्याच शंभर रुपयांच्या हिशेबाचे हे निम्मे; तेही गोशाळेला, तेही गाईला, तेही देशी. शेतकऱ्याच्या गोठ्यात मरणाची वाट पाहणाऱ्या बैलाला आणि संकरित गोऱ्ह्याला या मातृभक्तीत जागा नाही.

तेव्हा शेतकऱ्याने जे करायचे ते केले. बैल पाळणे सोडले. पश्चिम महाराष्ट्रातल्या संकरित गाईला गोऱ्हा झाला की त्याला दूध तोडायचे, किंवा रात्री दूर रस्त्याकडेला सोडून यायचे, हा प्रकार दुग्धव्यवसायात कोणाला नवीन नाही. आता लिंगनिश्चित रेतमात्रा सरकारी योजनेतूनच मिळतात. त्यामुळे शंभरातील नव्वद वासरे मादी होतात आणि गोऱ्हा जन्मालाच येत नाही. माझा याला विरोध नाही. उपाशी मारण्यापेक्षा हे शतपटीने बरे. परंतु हाच जर शेवट असेल तर ‘गोवंश रक्षण’ हा शब्द तरी सोडावा.

आम्ही एम.ए. करीत असताना या विषयावरील एक गाजलेला वाद वाचीत असू. मार्व्हिन हॅरिस या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये मांडले की भारतीय शेतकऱ्याचे गोप्रेम वरवर अंधश्रद्धेसारखे दिसले तरी त्यामागे व्यवहार आहे. त्यावर गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर, के. एन. राज, ॲलन हेस्टन यांनी लेखण्या सरसावल्या. मतभेद तीव्र होते. परंतु त्या संशोधनातून एक गोष्ट निघाली ती आजही विसरू नये. ज्या केरळात नांगराला बैलाची गरज कमी, तेथे गाई अधिक आणि बैल थोडे. आणि ज्या गंगेच्या खोऱ्यात गाईची पूजा होते, तेथे गाईंपेक्षा बैल अधिक. निसर्ग तर नर-मादी जवळजवळ सारखेच देतो. मग नको असलेली वासरे गेली कोठे? सुरी न लावता, आचळापासून दूर बांधून, ती संपवली गेली. पूजक आणि अपूजक दोघांचेही हिशेब दाव्याच्या लांबीने जुळत होते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये गोऱ्या शिपायांच्या पोटासाठी गाई-बैल कापले जातात अशी तक्रार केली आहे, आणि बंदीवाले अधूनमधून ती आमच्या तोंडावर फेकतात. फेकू द्या. जोतीरावांची तक्रार शेतकऱ्याच्या बाजूने होती. बैल कमी पडल्याने शेत नांगरायचे राहत होते, तेव्हा तो वाचवणे शेतकऱ्याच्या हिताचे होते. आज बैल दावणीला ठेवल्याने शेतकरी बुडत असेल तर जोतीरावांच्या पद्धतीने विचार करणारा माणूस त्याच्याच बाजूने उभा राहील. आणि सावरकरांना गाय उपयुक्त पशू वाटत होती, देवता नव्हे, हे त्यांच्या आजच्या अनुयायांनी कधीतरी मोठ्याने वाचावे.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो. कारण वरील आकडे ऐकून त्याचा चेहरा उजळला असेल. ‘पाहा, खाल्ले जाणारे प्राणी वाढतात, म्हणून खा!’ हा तर्क ब्रॉयलरच्या शेडमध्ये पाच मिनिटे उभे राहून ऐकवावा. सहा आठवड्यांत दोन किलो वजन व्हावे म्हणून घडवलेली ती कोंबडी स्वतःच्या पायांवर नीट चालू शकत नाही. अंड्यांच्या जातीतले नर पिल्लू तर पहिल्याच दिवशी मारले जाते. असे कोट्यवधी जन्म वाढवणे म्हणजे कोंबडीच्या वंशावर उपकार, असे म्हणणारा माणूस गिरणीमालकाने रोजगार दिला म्हणून चौदा तासांच्या पाळीचे समर्थन करणाऱ्याच्या पंगतीचा आहे. जो जन्मलाच नाही त्याचे काही बिघडत नाही. बिघडते ते आज जन्मलेल्याचे, आणि ज्याचे पोट त्याच्यावर आहे त्याचे.

ते कसे बिघडते हे आपण मार्च २०२० मध्ये पाहिले. कोंबडी खाल्ल्याने करोना होतो अशी अफवा पसरली आणि काही दिवसांत लोकांनी खरोखरच कोंबडी खाणे सोडले. त्या तरुणाचा प्रश्न जणू कोणी प्रत्यक्षात उतरवला. कोंबड्या मोकळ्या झाल्या काय? बेळगाव जिल्ह्यात गोकाकजवळ हजारो जिवंत कोंबड्या खड्ड्यात लोटून वर माती ओढली गेली, कारण खाद्याचा खर्च विक्रीच्या भावापेक्षा अधिक झाला होता. ठिकठिकाणी पक्षी फुकट वाटले गेले. कंपन्यांचे जे नुकसान झाले ते त्यांच्या ताळेबंदात शिरले. कर्ज काढून शेड बांधणाऱ्याचे नुकसान त्याच्या घरात शिरले.

उपयोग संपला की जनावर उरत नाही, मग त्याला कोणी खावो वा न खावो. याच सात वर्षांत देशातील गाढवे एकसष्ट टक्क्यांनी घटली. राजस्थानने २०१५ मध्ये उंटाची कत्तल आणि निर्यात रोखणारा कायदा केला, तरी उंट कमीच होत राहिले. अमेरिकेत १९१५ च्या सुमारास अडीच कोटींवर घोडे आणि खेचरे होती, १९६० पर्यंत तीस लाखांच्या आसपास उरली. ट्रॅक्टरने घोडा खाल्ला. उलट आपला माणदेशी खिल्लार अजून ऐटीत दिसतो तो कशामुळे? सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बैलगाडा शर्यतींचा कायदा मान्य केला, त्या शर्यतींमुळे. शर्यत मला रुचत नाही. परंतु पुजाऱ्याने न वाचवलेला बैल जुगाऱ्याने वाचवावा, हा विनोद मला एकट्यालाच हसवतो की काय कोण जाणे.

मी स्वतः गेली तीस वर्षे मांसाहार करीत नाही. मनाला पटले म्हणून सोडला. तेव्हा दयेची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. मांसाहार कमी झाला तर चारा, धान्य आणि पाणी वाचेल हेही मला मान्य आहे. परंतु मी चहा पितो, दही खातो. म्हणजे ज्या गोऱ्ह्याचे दूध तोडले त्याच्या मरणात माझा वाटा आहे, आणि भाकड गाय-म्हैस विकली गेली नाही तर माझे दूध महागेल हेही मला ठाऊक आहे. मुलुंड-घाटकोपरच्या ज्या सोसायट्या मासे शिजवणाऱ्या कुटुंबाला घर नाकारतात, त्यांच्या श्रीखंडाच्या वाटीत हा हिशेब कोणी मांडत नाही. दूध पिणारा शाकाहारी हा खाटकाचा भागीदार आहे. फरक इतकाच की खाटकाला मार खावा लागतो.

होय, मार. २०१६ साली उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना उघडे करून झोडपले गेले. २०२५ च्या पावसाळ्यात गोरक्षकांच्या जाचाला कंटाळून महाराष्ट्रातील कुरेशी व्यापाऱ्यांनी जनावरांची खरेदीच थांबवली, तेव्हा बाजार ओस पडले आणि पहिली ओरड उठली ती शेतकऱ्यांतून. खाटीक आणि कुणबी यांचे हित एकाच दाव्याला बांधलेले आहे, हे कोणत्याही व्याख्यानापेक्षा त्या काही आठवड्यांनी अधिक स्पष्ट केले. धारावीच्या चामड्याच्या कारागिराला, घोंगडीच्या लोकरीला भाव उरला नाही म्हणून मांसावर तगून राहिलेल्या धनगराला, दोन शेळ्यांवर मुलीची फी भरणाऱ्या भूमिहीन बाईला, या दावणीपासून वेगळे काढता येत नाही.

आम्ही भांडुपकरांनी एक स्थित्यंतर डोळ्यांनी पाहिले आहे. लालबहादूर शास्त्री मार्गावरचे कारखाने एकेक बंद झाले, जमिनीवर मॉल आणि मनोरे चढले, आणि भोंग्यावर घड्याळ लावणारा कामगार कोठे वॉचमन झाला, कोठे गावी परतला. तेव्हाही काळ बदलतो आहे असेच सांगितले गेले. काळ बदलत होताच. बदलाचे बिल मात्र एकाच वर्गाकडे गेले. जनावरांच्या बाबतीत तेच पुन्हा होऊ द्यायचे काय?

समाजाला बैल मारायचा नसेल तर समाजाने तो विकत घ्यावा. काम संपलेले जनावर सरकारने हमीभावाने, शेतकऱ्याच्या दारातून, गोऱ्ह्यासकट खरेदी करावे. त्याच्या वैरणीची तरतूद अर्थसंकल्पात उघडपणे दाखवावी आणि त्यासाठी लागणारा कर कोणावर बसवणार हेही त्याच पानावर लिहावे. ते जमत नसेल तर १९७६ च्या कायद्यातील दाखल्याची पद्धत परत आणावी. मधला तिसरा मार्ग, म्हणजे पुण्य शहराचे आणि खर्च खेड्याचा, हा गेली काही वर्षे चालू आहे, आणि त्याला कायदा म्हणण्यापेक्षा वेठबिगार म्हणणे योग्य. मोकाट जनावरांनी पीक खाल्ल्याची भरपाई आणि वाहतूक करणाऱ्या व्यापाऱ्याला पोलीस संरक्षण या मागण्या शेतकरी आणि कुरेशी संघटनांनी एकत्रित मांडाव्यात. आपल्या पक्षाच्या जिल्हा शाखांनी त्यासाठी पुढाकार घेऊन पहिली परिषद सांगोल्याच्या जनावर बाजारातच, बाजाराच्या दिवशी भरवावी. मी यायला तयार आहे. गुडघे कुरकुरतात, परंतु पासष्टी उलटल्यामुळे एस.टी.चे तिकीट आता अर्धेच पडते.