फ्रेंचच्या वाटेवर इंग्रजीची जकात

परकी भाषा शिकावयाची ती दुसऱ्या एका परक्या भाषेच्या मांडीवर बसूनच शिकली पाहिजे, असा एक दंडक आपल्याकडे मुकाट्याने चालत आला आहे. तो कोणी घातला आणि का घातला, हे कोणी विचारीत नाही. वाचकांच्या हाती चकलीचा तुकडा असताना व्याकरणाचे भांडण घेऊन दारात उभे राहणे बरे नव्हे, हे मला कळते. पण ह्या भांडणात आपल्याच घरांतील मुलामुलींचे नुकसान गुंतलेले आहे. म्हणून फराळ चालू असतानाच ते काढतो.

मी नगर जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, अकोले तालुक्याचा. शाळा सारी मराठीतून झाली. पुण्यास मराठी घेऊन एम. ए. करीत आहे आणि संध्याकाळी फ्रेंच शिकत आहे. युरोपच्या परिषदेने २००१ साली परभाषेच्या सहा पायऱ्या ठरवून दिल्या. त्यांतील दुसऱ्या पायरीवर, ‘ए-२’वर, मी सध्या उभा आहे. पहिल्या पायरीवर नमस्कार-चमत्कार, नावगाव, बाजारातील भाव एवढेच असते. दुसरीवर माणसाला आपली हकिगत सांगता यावी लागते: काल काय झाले, लहानपणी आपण काय करीत असू, आपले घर कसे होते. खरी भाषा येथे सुरू होते, आणि माझ्या डोळ्यांदेखत आमच्याकडची मुले गळतात तीही येथेच.

ती का गळतात? फ्रेंच अवघड जाते म्हणून, असे सांगितले जाते. मी म्हणतो, साफ खोटे! ती इंग्रजीपायी गळतात. फळ्यावर फ्रेंच वाक्य, त्याचा उलगडा इंग्रजीतून, हातात कोश फ्रेंच-इंग्रजी. माझ्याबरोबर संगमनेरकडचा एक मुलगा होता. उच्चार स्वच्छ, पाठांतर चोख. त्याने एक शंका मराठीत विचारली, तेव्हा उत्तर मिळाले, “आधी इंग्रजी सुधारा, मग फ्रेंचकडे वळा.” महिन्याभरात तो वर्गातून दिसेनासा झाला. गावाबाहेर जुन्या काळी जकात नाका असे; माल कोठलाही असो, कोठेही जावयाचा असो, आधी जकात टाका. फ्रेंचच्या वाटेवर इंग्रजीचा नाका हा असाच आहे. गंमत अशी की ह्या वाटेवर इंग्रजीपेक्षा मराठीच अधिक उपयोगी पडते, आणि हे मी अभिमानापोटी नव्हे, वहीत मांडून दाखवितो.

पहिली गोष्ट भूतकाळाची. दुसऱ्या पायरीवरचा मोठा अडसर तो हाच. फ्रेंचमध्ये एकदा घडून गेलेल्या गोष्टीचे रूप वेगळे आणि नेहमी घडत असलेल्या किंवा घडत राहिलेल्या गोष्टीचे वेगळे. इंग्रजीचे साधे भूतकाळी रूप दोन्हीकडे चालते, म्हणून इंग्रजीतून शिकणाऱ्याला ह्या भेदासाठी पाने पाने टिपणे काढावी लागतात. आता हे वाचा: “आजी पहाटे उठे, जात्यावर बसे, ओव्या म्हणे. एके दिवशी मामा आला आणि तिला घेऊन गेला.” उठे, बसे, म्हणे हे एक रूप; आला, गेला हे दुसरे. मराठी मुलाला हा भेद आजीच्या तोंडून मिळालेला आहे. आपल्या व्याकरणात त्याला रीतिभूतकाळ म्हणतात. “जेथे मराठीत ‘करी’, ‘करीत असे’ किंवा ‘करीत होता’ येईल, तेथे बहुधा हे फ्रेंच रूप घाला” एवढे एक वाक्य सांगितले, तर पुष्कळसा धडा संपतो. ते वाक्य मला कोणी सांगितले नाही. माझे मलाच सापडले.

दुसरी गोष्ट ‘तो गेला’ आणि ‘ती गेली’ यांची. जाणे, येणे, निघणे, पोहोचणे, पडणे, जन्मणे ह्या क्रियापदांचे भूतकाळी रूप फ्रेंचमध्ये कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलते. बोलताना पुष्कळदा फरक ऐकू येत नाही. पण लिहिताना स्त्रीलिंगी रूपाला एक अक्षर अधिक जोडावेच लागते. इंग्रजी ह्या बाबतीत मुकी आहे. म्हणून पुस्तकांत एका घराचे चित्र काढतात, आणि त्यात कोणी दारातून येतो, कोणी जिन्यावरून पडतो, असे दाखवून ही क्रियापदे पाठ करून घेतात. ज्या भाषेत गेला-गेली, आला-आली, पडला-पडली असे आपण बोबडे असल्यापासून म्हणत आलो, तिचे नावही त्या चित्राखाली कोणी घेत नाही!

तिसरी गोष्ट तर थेट कर्मणी प्रयोगाचीच. “जो शब्द मी लिहिला” आणि “जी चिठ्ठी मी लिहिली”: येथे ‘लिहिणे’ हे माझ्याकडे न पाहता शब्दाकडे आणि चिठ्ठीकडे पाहून बदलते. फ्रेंचमध्येही कर्म असे आधी आले, की हुबेहूब हेच होते. शब्दासाठी ‘एक्री’, चिठ्ठीसाठी ‘एक्रीत’. खुद्द फ्रेंच मुले ह्या नियमापाशी अडखळतात. आमचा शेवगाव-पाथर्डीचा मुलगा मात्र तो नियम रोज जगतो.

बारीकसारीक गोष्टी किती सांगू? इंग्रजीला ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतील अदब उरलेली नाही. फ्रेंचला आहे, आपल्याला आहे. फ्रेंच माणूस ऐंशीला ‘चार वीस’ म्हणतो आणि नव्वदला ‘चार वीस दहा’. शहरातील मुले हे ऐकून हसतात. पण विसांनी मोजणारी म्हातारी माणसे ज्याने गावाकडे पाहिली आहेत, त्याला त्यात हसण्यासारखे काय दिसणार? आणि कोकणी माणसाच्या ज्या अनुनासिकांची आपण नक्कल करून दाखवितो, त्यांना फ्रेंच वर्गात पैकीच्या पैकी गुण पडतील.

मराठीने सारेच सोपे होते, असा माझा दावा नाही. धावणे, हसणे ही क्रियापदे तिकडे दुसऱ्या दावणीला बांधलेली आहेत. ती यादी पाठच करावी लागते. नामामागचे उपपद आपल्याकडे नाही. आपला नपुंसकलिंगी घोळका तेथे दोन लिंगांत वाटून टाकावा लागतो, आणि आपला चंद्र तिकडे चक्क स्त्रीलिंगी होतो. पण लिंगभेदाची सवय ज्याला आहे, त्याला फक्त वाटणी शिकावयाची असते. ज्याला ती सवयच नाही, त्याने मुळापासून सुरुवात करावी. मग यांतील अडाणी कोण?

कोणी म्हणेल, हे सारे वर्गातले झाले. ग्रंथांच्या जगात इंग्रजीवाचून पान हलत नाही. त्यांनी आमच्याच जिल्ह्यात यावे. १९४२ ते १९४५ ह्या काळात नगरच्या किल्ल्यात काँग्रेसचे पुढारी बंदिवान होते. नेहरूंनी तेथे लिहिलेला इंग्रजी ग्रंथ सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच भिंतींआड आचार्य नरेंद्र देव वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’वर काम करीत होते, आणि तेही कशावरून? ला व्हाले पूसँ नावाच्या बेल्जियन पंडिताने चिनी आणि तिबेटी भाषांतरांच्या आधारे केलेल्या फ्रेंच अनुवादावरून. आपल्याच देशातील बौद्ध ग्रंथ फ्रेंचमधून थेट हिंदीत आणला गेला. मध्ये इंग्रजीचा नाका नव्हता.

आपल्या भाषेचेच पाहा. मराठी कशी घडली याचा मोठा शास्त्रीय ग्रंथ झ्यूल ब्लॉक यांनी फ्रेंचमध्ये लिहिला. तो १९२० साली पॅरिसला प्रसिद्ध झाला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ साली तो मराठीत आणला. इंग्रजीत तो येण्यास १९७० साल उजाडावे लागले. एकोणतीस वर्षे इंग्रजी वाचक मागे!

आणि शेवटचा दाखला माझ्या तालुक्याचा. अकोले तालुक्यातील धामणगावचे दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले. मराठी शिकलेल्या गी प्वातव्हँ यांनी ते फ्रेंचमध्ये नेले आणि १९९० साली पॅरिसमध्ये ते छापून निघाले. जेरी पिंटो यांचा इंग्रजी अनुवाद आला २०१५ साली. महारवाड्यातील एका मुलाचे दुःख फ्रेंच वाचकाला इंग्रजी वाचकाच्या पंचवीस वर्षे आधी कळले, कारण एका फ्रेंच माणसाने मराठी शिकण्याची तसदी घेतली. त्याला कोणी म्हटले नाही, की आधी इंग्रजी सुधारा आणि मग मराठीकडे वळा. मग हीच अट आमच्या मुलांना का?

“पण वर्गात परप्रांतीय मुलेही असतात, त्यांचे काय?” हा आक्षेप पुण्यामुंबईपुरता मी मान्य करतो. तेथे इंग्रजी चालू द्या. मात्र मराठीत विचारलेल्या शंकेला मराठीत उत्तर मिळू द्या. नगर, संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव येथे तर ही सबबही उरत नाही. “फ्रेंच हा अकरावी-बारावीला गुण मिळवून देणारा विषय, त्याचे एवढे काय?” असे विचारणारांशी मी वाद घालीत नाही. चार धडे घोकून, गुण पदरात पाडून, बारावीनंतर ज्यांना एक वाक्य बोलता येत नाही, त्यांनी फ्रेंच घेतली होती, शिकली नव्हती. आणि “पोटाला काय?” याचे उत्तर असे, की इंग्रजीच्या नाक्यावरून परत फिरलेल्या मुलाच्या पोटाला तर काहीच मिळत नाही.

माझे मागणे मोठे नाही. विद्यापीठाने पहिल्या दोन पायऱ्यांचे फ्रेंच व्याकरण मराठीतून लिहून घ्यावे. रीतिभूतकाळाला आणि कर्मणी प्रयोगाला त्यात मानाचे पान द्यावे. विद्यार्थ्याला परवडेल असा फ्रेंच-मराठी कोश प्रत्येक महाविद्यालयाच्या वाचनालयात ठेवावा. शिक्षकांना मराठीतून शिकविण्याची नुसती मुभा नको, तसे सांगितले जावे. ज्या जिल्ह्यातील नेवाशास शके १२१२ मध्ये गीतेचा अर्थ लोकांच्या भाषेत उतरला, तेथे हे मागावे लागते, याचीच मला लाज वाटते.

तोवर आईबापांना एक विनंती. सुट्टीत घरी आलेला मुलगा किंवा मुलगी परकी भाषा शिकण्याचे नाव काढील, तर “तुझे इंग्रजी तरी कुठे धड आहे?” असे म्हणू नका. त्याचे मराठी धड आहे ना, एवढेच पाहा आणि पुस्तकाचे पैसे द्या.